तरतूदकाका

वाढदिवसाला लोक 'शंभर वर्षं जगा' म्हणतात. तरतूदकाका म्हणतात, "शंभर म्हणजे अजून अडतीस. त्यांतली अंथरुणातली किती धरलीत?"

प्रश्न ते मनापासून विचारतात आणि उत्तराची वाटही बघतात. उत्सवमूर्तीच्या हातात केकचा तुकडा, शेजारी बायको, समोर मोबाइल रोखून उभी नातवंडं, आणि काका खिशातली डायरी उघडून, पेनाचं टोपण काढून तयार. उत्तर आलं नाही की स्वतःच नोंद करतात : 'धरलेली नाहीत.'

त्यांचं खरं नाव थकबाकीदारांच्या यादीत कधी लागलं नाही, त्यामुळे सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ते ठाऊकच नाही. 'तरतूदकाका' हे नाव पोरांनी पाडलं आणि काकूंनी मंजूर केलं. कोथरूडातल्या कोणत्याही सोसायटीत एक पाणीवाले काका असतात, एक पार्किंगवाले असतात आणि एक 'मी तेव्हाच सांगितलं होतं'वाले असतात. आमच्याकडे हे तिघे आहेतच. तरतूदकाका चौथे, आणि बाकीचे तिघे मिळून त्यांना घाबरतात.

काका पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून २००९ साली निवृत्त झाले. खात्यात का गेले, ते त्यांनी सांगितलेलं नाही असा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये उरलेला नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा काका दहा वर्षांचे, मुक्काम नारायण पेठ. घरात पाणी शिरलं. आजीला दोघांनी उचलून शेजारच्या माडीवर नेलं, माणसं वाचली. वाचली नाही ती वडिलांची ट्रंक. ट्रंकेत विम्याची पॉलिसी होती. चार दिवसांनी ट्रंक उघडली तेव्हा आत लगदा होता. पुढे वडिलांना नवी प्रत मिळाली, पण काकांच्या मनातला लगदा वाळला नाही. त्यांच्या घरात आजही प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात असतो, पाकीट फायलीत असतं, फाइल कपाटात वरच्या कप्प्यात असते. "पूररेषेच्या वर," काका सांगतात. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात.

पूररेषा हा त्यांचा आवडता विषय. नदीकाठच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. काकांनी म्हातारपणाचा असाच नकाशा केला आहे. निळी रेषा : पाच दिवस रुग्णालय, मोतीबिंदू, प्रोस्टेट, फार तर एखादा स्टेंट. लाल रेषा : अर्धांगवायू किंवा विस्मृती, पाच वर्षं अंथरूण. "सगळं जग निळ्या रेषेचा विमा काढतं आणि लाल रेषेत घर बांधतं," असं ते लिफ्टमध्ये, अनोळखी माणसालाही सांगतात. लिफ्टमधून पळता येत नाही, हे त्यांनी ध्यानात ठेवलेलं आहे.

लिफ्टवरून आठवलं. एका दुपारी सेक्रेटरींनी तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर आत काका जमिनीवर आडवे. पाय दाराबाहेर, छातीवर मोजपट्टी. सेक्रेटरींनी "अहो पाणी आणा" म्हणून बोंब ठोकली. काकांनी डोळे उघडून शांतपणे सांगितलं, "स्ट्रेचर बसत नाही. स्ट्रेचर दोन मीटरचं, लिफ्ट त्याच्या निम्म्याहून थोडी मोठी. आजारी माणूस खुर्चीत बसूनच खाली येणार. बसता येत नसेल तर जिन्याने. जिन्याच्या वळणाची मापं उद्या घेतो." सेक्रेटरींनी त्या दिवसापासून जिना वापरायला सुरुवात केली. तब्येतीला बरं, म्हणतात.

न्हाणीघरात पकडायच्या दांड्या काकांनी पंचावन्नाव्या वर्षी बसवल्या. त्या वयात ते पर्वती न थांबता चढत. न्हाणीघराचं दार उलटं करून बाहेर उघडेल असं केलं, कारण आत पडलेला माणूस दाराला आडवा पडतो आणि मग आत उघडणारं दार उघडता उघडत नाही. कडी काढून टाकली. आत कोणी आहे हे कळावं म्हणून गाणं म्हणायचं असा नियम झाला. पाहुण्यांची पंचाईत होते. काकूंच्या चुलतभावाला गाणं येत नाही म्हणून ते आतून पावकी म्हणतात.

रॅम्पची कथा मात्र सोसायटीच्या इतिहासात जमा आहे. प्रवेशाला तीन पायऱ्या, उंची अठरा इंच. काकांचं म्हणणं, चाकाच्या खुर्चीला एकास बारा उतार हवा, म्हणजे अठरा फूट लांब रॅम्प हवा. अठरा फुटांत एक गाडी उभी राहते. पार्किंगवाले काका वार्षिक सभेत उठले आणि म्हणाले, "या बिल्डिंगमध्ये चाकाच्या खुर्चीवर कोण आहे?" तरतूदकाका म्हणाले, "अजून कोणी नाही. तुमचा रक्तदाब किती?" सभा तहकूब झाली. पुढे पार्किंगवाल्यांचा गुडघा बदलायची वेळ आली आणि ठराव एकमताने मंजूर झाला. उतार एकास बाराच ठेवला. 'पृष्ठभाग खडबडीत असावा' असं काकांनी लेखी कळवलं होतं. कमिटीने चकचकीत टाइल लावली. दिसायला छान होती.

विमा एजंटांनी आमची बिल्डिंग सोडून दिली त्यालाही कारण आहे. टाय लावलेला एक तरुण चुकून काकांच्या दारी गेला. मी तिथे वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो.

"काका, या प्लॅनमध्ये सगळं कव्हर आहे."

"सगळं?"

"सगळं."

"मला आंघोळ कोण घालणार?"

पोराने नकळत काकूंकडे बघितलं. काकू पोहे आणायला आत गेल्या.

मग काकांनी त्याच्याच हातातल्या पुस्तिकेतली न देण्याच्या गोष्टींची यादी काढली आणि पाचवं कलम मोठ्याने वाचायला लावलं. पोराने ते आयुष्यात पहिल्यांदा वाचलं असावं. घरी किंवा शुश्रूषागृहात आंघोळ घालणं, कपडे चढवणं, हिंडाफिरायला मदत करणं अशी देखभाल, मग ती प्रशिक्षित नर्सने केलेली असो की साध्या मदतनिसाने, पॉलिसीत बसत नाही. नुसत्या विश्रांतीसाठी दाखल झालात तर तेही नाही. "हे एकट्या तुमच्या कंपनीचं नाही हो," काका त्याला धीर देत म्हणाले. "हा मजकूर विमा नियामकाने ठरवून दिलेला आहे. कुठल्याही कंपनीची पुस्तिका आण, पाचव्या नंबरला हेच सापडेल." पोराने पोहे खाल्ले, काकूंना नमस्कार केला, आणि जाताना काकांनाच विचारलं, "काका, मग माझ्या आजीचं काय करायचं?" त्या दिवशी तो तीन तास बसला. पुढे त्याने नोकरी बदलली असं कळलं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. काकांची माहिती पक्की असते. आपल्याकडे मेडिक्लेम १९८६मध्ये आला, तेव्हापासून त्याची सगळी मदार रुग्णालयात किमान चोवीस तास दाखल होण्यावर. दाखल होण्याआधीचे साधारण तीस दिवस आणि घरी आल्यावरचे साठ, एवढ्याचा औषधपाण्याचा खर्च बहुतेक पॉलिसी देतात, मग हिशेब बंद. डे-केअर वगैरे सवलती नंतरच्या. १ एप्रिल २०२४पासून पासष्टीनंतरही नवी पॉलिसी घेता येते आणि जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांवर आली, हे काकांनी आम्हाला त्याच आठवड्यात सांगितलं. साठ महिने सलग हप्ते भरले की 'तुम्ही आजार लपवला' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो, हेही सांगितलं. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, पाच लाखांपर्यंतच्या आयुष्मान कार्डाची सोय झाली. पहिल्या आठवड्यात काका कार्ड काढून आले, आणि आल्या आल्या म्हणाले, "हेही रुग्णालयाचंच. निळी रेषा."

लाल रेषेवर उपाय काय, याचा शोध मुलीच्या पगारपत्रकात लागला. मुलगी-जावई श्टुटगार्टला. तिच्या पगारातून आरोग्य विम्याखेरीज शुश्रूषेच्या सक्तीच्या विम्याचा हप्ता कापला जातो, हे काकांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. जर्मनीने हे १९९५मध्ये सुरू केलं. माणूस किती परावलंबी आहे हे घरी येऊन तपासतात, पाच श्रेणींपैकी एक देतात, आणि श्रेणीप्रमाणे माणूस किंवा पैसे मिळतात. घरातल्यानेच सेवा केली तरी पैसे मिळतात! जपानने २०००मध्ये असंच केलं. तिथे चाळिसाव्या वर्षी हप्ता सुरू होतो. तेव्हापासून सोसायटीत कोणी चाळिशीचा झाला की काका त्याला हात जोडून सांगतात, "जपानमध्ये असतास तर या महिन्यापासून सुरू झाला असता."

जर्मन नियमांत त्यांना आणखी एक सापडलं. तेवीस वर्षांवरच्या निपुत्रिकाला ०.६ टक्के हप्ता जादा पडतो, म्हातारपणी बघायला मूल नसेल म्हणून नव्हे, पुढचे हप्ते भरणारं मूल त्याने जन्माला घातलं नाही म्हणून. काकांनी हे कौतुकाने मुलीला फोनवर वाचून दाखवलं. लग्नाला सात वर्षं झालेल्या मुलीसमोर हा विषय निघू नये म्हणून काकू सात वर्षं जिभेवर दगड ठेवून बोलत होत्या. त्यांनी काकांच्या हातातून फोन काढून घेतला आणि दोन दिवस दिला नाही.

श्रेण्या मात्र काकांच्या डोक्यात बसल्या. परावलंबन मोजायची सहा कामं त्यांनी कुठूनशी काढली : आंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, आणि मलमूत्रावरचा ताबा. तक्ता करून फ्रिजवर लावला. सेक्रेटरींना त्यांनी मनातल्या मनात श्रेणी एक दिली, कारण त्यांच्या शर्टाची वरची बटणं वहिनी लावतात. काकूंनी तक्ता वाचला, काकांच्या हातात टॉवेल दिला, पाट मांडला, ताट वाढलं, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला ठेवला आणि विचारलं, "जर्मनीत धडधाकट नवऱ्यांसाठी वेगळी श्रेणी असते का हो?"

काका हसले. त्यांना तो विनोद वाटला.

कायद्याच्या बाजूनेही त्यांनी कमी केलं नाही. भान हरपलं तर बँकेचे व्यवहार कोणी करायचे म्हणून ते मुखत्यारपत्र करायला वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, करार कायद्याचं कलम २०१ आहे, मुखत्यार नेमणाऱ्याचं मनस्वास्थ्य गेलं की मुखत्यारपत्र संपतं. काका दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मला सगळं कळत असेल तोवर दुसऱ्याने माझ्या वतीने सही करायची, आणि मला काही कळेनासं झालं की मीच करायची?" वकिलांनी फी घेतली नाही. काकांनी मुखत्यारपत्राचा नाद सोडला आणि सगळी खाती 'दोघांपैकी कोणीही' अशी करून टाकली.

वैद्यकीय इच्छापत्राचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८मध्ये ते मान्य केलं, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. काका तीनदा कोर्टात जाऊन आले. तिथे कोणी त्यांना वारस दाखल्याच्या खिडकीकडे पाठवलं, कोणी नाव बदलण्याच्या. २०२३मध्ये नियम सैल झाला. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरते झाले. एक साक्षीदार मी आहे. मरणाच्या दारात मला नळ्या लावून ठेवू नका, अशा अर्थाच्या कागदावर मी सही केली आणि काकूंनी लगेच गरम चकल्या आणल्या. अशा प्रसंगी काय बोलायचं असतं ते मला सुचेना, म्हणून मी चकल्या छान झाल्यात असं म्हणालो. काका म्हणाले, "तुमची तरतूद?"

एवढी सगळी सिद्धता कोणासाठी, हे विचारायची गरज आम्हाला कधी वाटली नाही. पडणार काका, अंथरुणाला खिळणार काका, भान हरपणार काका. धरण त्यांचं, पूरही त्यांचाच.

२०२५च्या गौरी विसर्जनाच्या संध्याकाळी पावसाची सर येऊन गेली होती. काकू सुपात निरोपाचं सामान घेऊन रॅम्पवरून उतरत होत्या. टाइल चकचकीत होती. उजव्या खुब्याचं हाड मोडलं.

काकूंना सत्तरीला अकरा महिने कमी होते, म्हणून आयुष्मान कार्ड नव्हतं. पण जुना मेडिक्लेम दोघांचा होता आणि तो काकांनी एकदाही खंडित होऊ दिला नव्हता. काका त्या संध्याकाळी देखणे वागले. रुग्णवाहिका नऊ मिनिटांत, कारण क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला लावलेला. औषधांची यादी पाकिटात. रक्तगट पाकिटात. रुग्णालयाच्या विमा खिडकीवर एकही झेरॉक्स मागावी लागली नाही. तिथल्या मुलीने शेजारच्या मुलीला बोलावून फाइल दाखवली. अर्धा सांधा बदलला. बिलातले हातमोजे आणि सटरफटर वगळता सगळं विम्याने दिलं. सहाव्या दिवशी काकू चाकाच्या खुर्चीतून घरी आल्या. खुर्ची लिफ्टमध्ये बसली, दारांतून गेली, न्हाणीघरातल्या दांड्यांनी काम केलं. निळ्या रेषेखाली काकांचा एक इंच चुकला नव्हता.

घरी आल्यावर काका म्हणाले, "आता काळजी करू नकोस. सगळं लिहिलेलं आहे." काकू पडल्या पडल्या म्हणाल्या, "आणा बघू." चष्मा हाताशी नव्हता, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. प्रकरण सात : मनुष्यबळ. पहिली आवृत्ती २००९, नंतर दर वर्षी एप्रिलमध्ये सुधारलेली. मी मोठ्याने वाचलं.

"रुग्ण : स्वतः. शुश्रूषा : सौ. कालावधी : आवश्यक तितका. दर : निरंक. पर्यायी व्यवस्था : आवश्यकता नाही."

काकूंना हसू आलं. हसल्यावर टाके दुखत होते, तरी त्या हसत होत्या. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. पार्किंग बघत असावेत.

देशात शुश्रूषेचा विमा नाही म्हणून हा माणूस सोळा वर्षं हळहळत होता, आणि त्याने स्वतःचा तो कधीच उतरवून ठेवलेला होता. हप्ता नाही, थांबायची मुदत नाही, वगळलेलं काही नाही. फक्त विमा कंपनी साठ किलोची, मधुमेही आणि त्यांच्याहून पाच वर्षांनीच लहान होती. काकांना एकट्याला हसण्यात अर्थ नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या पुरुषांचं प्रकरण सात हेच आहे, त्यांनी ते लिहून ठेवलेलं नाही एवढंच.

भिशीच्या बायकांनी तीन आठवडे डबे आणले. वार लावून, भाजी कळवून. मग घटस्थापना आली. त्या वर्षीची घटस्थापना २२ सप्टेंबरची, आणि नेमका त्याच दिवसापासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. ही बातमी काकांनी एरवी प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगितली असती. त्या दिवशी ते कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

ब्यूरोने मावशी पाठवली ती बावन्न वर्षांची, लातूरकडची. काकांनी प्रश्नावली काढली. पहिल्या प्रश्नाला मावशींनी पिशवी खाली ठेवली आणि उलट विचारायला सुरुवात केली.

"टीवी कुठल्या खोलीत हाय?"

"हॉलमध्ये."

"पेशंटच्या खोलीत घ्या. ऐतवारी माझी सुट्टी. गुरवारी उपास, साबुदाणा चालंल. पेशंटचं समदं करीन, धुण्याभांड्याचं बोलायचं न्हाई. चोवीस तासाचं म्हयन्याला अठ्ठावीस हजार, ब्यूरोचं ब्यूरोला येगळं."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. खात्यात एवढ्या स्वच्छ अटींचं टेंडर त्यांनी पाहिलं नव्हतं.

मावशींनी आठवड्यात घर ताब्यात घेतलं. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, चादर ओढून माणूस कसा सरकवायचा, टाचेखाली उशी कुठे द्यायची, हे त्यांनी काकांना शिकवलं. "काका, कमरंतनं वाकू नगा, गुडघ्यातनं वाका. न्हाईतर तुमच्यासाठी दुसरी मावशी आणावी लागंल." रविवारी सगळं काकांवर. आंघोळ घातली, जेवण भरवायला गेले तर काकू म्हणाल्या, "अहो, हात मोडलेला नाही." वेणी घालायला घेतली. तीन पेड, सारखी जाडी, मापात. आरशात बघून काकू म्हणाल्या, "एका बाजूला का गेली?" काका म्हणाले, "उतारानं गेलीय."

एका संध्याकाळी काकांनी मावशींना तो प्रश्न विचारलाच. त्यांना राहवणार नव्हतं.

"मावशी, तुमची तरतूद?"

मावशींना कळलं नाही. काकांनी समजावलं आणि डायरी उघडून बसले. अटल पेन्शन? चाळिशीपर्यंतच नाव घालता येतं, गेलं. वर्षाला ४३६ रुपयांचा जीवन विमा? पन्नाशीपर्यंत, दोन वर्षांनी हुकला. अखेर एक सापडला. "वर्षाला वीस रुपये फक्त. सत्तरीपर्यंत. अपघातात मृत्यू आला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख."

"म्हंजे गाडीखाली आले तर."

"हो."

"आन् नुसतीच म्हातारी झाले तर?"

काकांनी वीस रुपये स्वतःच्या खिशातले काढले. दुसऱ्या दिवशी मावशींना बँकेत नेऊन फॉर्म भरला. वारस म्हणून मावशींनी दोन्ही पोरींची नावं सांगितली आणि 'भांडतील' म्हणून मग एकीचं कटवलं.

साठ दिवस झाले आणि विम्याचा हिशेब बंद झाला. काकू तेव्हा वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात. मावशी चार महिने राहिल्या, नंतर दिवसाच्या बारा तासांवर आल्या. पाच लाखांची पॉलिसी असलेल्या घरात त्या चार महिन्यांचे १,१२,००० रुपये खिशातून गेले. हवेची गादी, कमोडची खुर्ची, फिजिओवाला मुलगा निराळे.

काकांनी लाल रेषेची सोय म्हणून पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत तीस लाख ठेवले होते. त्याहून जास्त ठेवताच येत नाहीत. ८.२ टक्क्यांनी त्याचं व्याज महिन्याला २०,५०० होतं. मावशी २८,०००. ही वजाबाकी काकांनी पहिल्यांदा केली तेव्हा मी समोर होतो. "पाच वर्षं," ते म्हणाले, आणि पुढचा गुणाकार केला नाही.

काका बदलले वगैरे म्हणायची माझी तयारी नाही. परवाच लिफ्टमध्ये त्यांनी नव्या भाडेकरूला गाठलं होतं. रॅम्पवर आता खरबरीत फरशी आहे. ती बसेपर्यंत काका रोज सकाळी त्यावर वाळू टाकत आणि सेक्रेटरी ती झाडायला लावत. फायलीची अठरावी आवृत्ती मात्र निघाली आहे. प्रकरण सातमध्ये पहिल्यांदाच दोन रुग्ण आहेत. शुश्रूषेपुढे ब्यूरोचे तीन क्रमांक, मावशींचा थेट क्रमांक, आणि त्याखाली 'स्वतः (रविवार)'. दराच्या रकान्यातला 'निरंक' खोडला आहे. बाजूला काकूंच्या अक्षरात लिहिलंय : 'थकबाकी बघावी.'

वाचणाऱ्यांसाठी तीन कामं. घरात सत्तरी पूर्ण झालेलं कोणी असेल तर आयुष्मान कार्ड आजच काढा, आधार पुरतं. मेडिक्लेम चालू असेल तर एकही हप्ता चुकवू नका. हे दोन्ही रुग्णालयाच्या दारापर्यंतच येतात, म्हणून घरच्या सेवेसाठी निराळे पैसे बाजूला काढा आणि ते बायकोच्या नावावर ठेवा. ती तुमच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल, तर शेवटी ती फाइल वापरायला बहुधा तीच एकटी असणार.